सुपारीच्या बागांचं बेट

१ ऑगस्ट १९९७, शुक्रवार

नंदू हो म्हणाला! बेटावर! खऱ्याखुऱ्या, चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर!

मी भेंडी चिरत होते, सुरीसकट नाचले. आमची छोटी ऋता पण नाचली, कशासाठी ते न कळता. एलटीसीची चार वर्षांची मुदत डिसेंबरात संपतेय. सरकार भाडं देतंय, आणि हा माणूस दर वेळी "बघू" म्हणून शेवटी श्रीवर्धनला नेतो! या वेळी म्हणाला, "कुठं जायचं ते तू ठरव." लग्नाला दहा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. लिहून ठेवतेय, कारण नंतर साहेब कानावर हात ठेवतील.

बार्शीची मुलगी मी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, कठड्यावरून. आता नेरूळला राहतो तर खिडकीतून खाडी दिसते, पण ती काय, चिखल आणि त्यावर राखाडी पाणी. मला निळं हवंय. आत उभं राहिलं की आपली पावलं दिसतील असं.

३ ऑगस्ट, रविवार

वाशीच्या ट्रॅव्हलवाल्याकडून रंगीत कागद आणले. मालदीव बाद, परदेश एलटीसीत बसत नाही. उरली दोन. अंदमान — मोठं, जंगलवालं, मद्रासहून (आता चेन्नई म्हणायचं) बोटीनं. आणि लक्षद्वीप — छोटी छोटी बेटं, भोवती उथळ पाणी. ट्रॅव्हलवाला म्हणाला, "मॅडम, तिकडे लहान मूल पण आरामात चालत जाईल, नो टेन्शन." झालं! लक्षद्वीप. ऋताला पाण्यात हात सोडून चालताना बघायचंय मला.

तळमजल्यावरच्या मालतीबाईंना फोटो दाखवले. त्या इथल्याच, करावे गावच्या. मी बँकेतून येईपर्यंत ऋता दुपारभर त्यांच्याकडे असते. म्हणाल्या, "बेट बघाला येवऱ्या लांब? आमच्या लहानपनी भरती आली का हितं सगलं बेटच व्हायचं!"

नंदूला विचारलं, "लक्षद्वीप?" पेपरातून मान न काढता म्हणाला, "फायनल."

७ ऑगस्ट, गुरुवार

नणंदबाईंचा पनवेलहून फोन. अरुणाताई! एवढ्या लांब पाण्यावरून जाणार म्हणजे आधी सत्यनारायण हवाच. श्रावण आहेच. रविवारी. गुरुजी ठरले, शिऱ्याचा रवासुद्धा ठरला. मला फक्त कळवलं.

१० ऑगस्ट, रविवार

एवढी चिडलेय की अक्षर वाकडं येतंय.

सकाळीच पाळी आली. चार दिवस आधी! अरुणाताईंना सांगायला नको होतं, पण खोटं बोलता येत नाही ना मला. लगेच — "अगो, मग तू आत बस. वाईट वाटून घेऊ नकोस. सुपारी ठेवू तुझ्या जागी." स्वतःच्या घरात बेडरूमच्या दारात स्टूल टाकून बसले, पाहुणी असल्यासारखी.

सुपारी त्यांनीच आणली होती, सासरच्या श्रीवर्धनच्या वाडीतली. यंदा वाडी विकली, त्यातला हा शेवटचा घड. पाटावर तांदळाची रास, त्यावर सुपारी. एवढ्यावर थांबतील तर त्या अरुणाताई कसल्या? हिरवा खण गुंडाळला. माझी जुनी काळी पोत कपाटातून काढून तिच्याभोवती घातली. हळदकुंकू लावलं. म्हणे, "नवरी दिसते हो!" सगळे हसले.

गुरुजींनी विचारलं, "पत्नीचं नाव?" नंदू म्हणाला, "सुमेधा." आणि सुपारीकडे बघून म्हणाला! मग गुरुजींनी दर्भाची काडी सुपारीपासून याच्या हातापर्यंत टेकवली, म्हणजे बायकोचा हात लागला. दोन तास मी ते बघत होते.

शेवटी तोंडातून गेलंच. मोठ्यानं म्हटलं, "मग बेटावर पण तिलाच घेऊन जा!"

परत सगळे हसले. गुरुजी तेवढे हसले नाहीत. "देव जागचे उठले नाहीत अजून," म्हणाले, "असं बोलू नये."

११ ऑगस्ट, सोमवार

सुपारी कुठे ठेवली विचारलं. अरुणाताई फोनवर म्हणाल्या, तांदळाच्या डब्यात. असू दे, बरकत येते.

१६ ऑगस्ट, शनिवार

काहीतरी घोळ आहे.

नंदू ऑफिसातून आला तो खुशीत. "ठीक आहे बाई, तू म्हणतेस तर अंदमान."

मी कधी म्हटलं?

"काल दुपारी फोन केलास ना. म्हणालीस, अहो, जिथं सुपारीच्या बागा आहेत तिकडेच जाऊ. लक्षद्वीपला नुसते नारळ."

काल पंधरा ऑगस्ट. तुला सुट्टी होती, म्हटलं, घरीच होतास. "मग परवा," म्हणाला. "दिवसाचं काय घेऊन बसलीस?" परवा दुपारी मी बँकेत काउंटरवर होते. समोर ही रांग! घरचा फोन घरी.

आणि "अहो"? मी याला "अहो" म्हणते? साखरपुड्याच्या दिवशी सांगितलं होतं, मला जमणार नाही, मी नंदू म्हणणार. सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या.

"छान वाटलं ऐकायला," म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

१७ ऑगस्ट

ऑफिसातल्या कुणा टवळीनं चेष्टा केली असणार. दुसरं काय?

२१ ऑगस्ट, गुरुवार

जिन्यात मालतीबाई भेटल्या. "ऋता आता येतच नाय माज्याकडं. तुमीच हाक मारून वर नेता ना तिला. नोकरी सोरली का काय?" वर म्हणाल्या, "पन हिरवं लुगरं झाक दिसतं हां तुमाला."

माझ्याकडे हिरवी साडी नाही. एकही नाही.

ऋताला जवळ घेऊन हळूच विचारलं, दुपारी घरी कोण असतं गं? "तू." मी तर बँकेत असते राणी. विचार करून म्हणाली, "दुपारची आई." कशी आहे? "तुझ्यासारखी. पण ती चिडत नाही. माझ्या दोन वेण्या घालते. आणि बेटाची गोष्ट सांगते. तिथं झाडांना फांद्याच नसतात, सगळी सरळ वर जातात, आणि खाली सावलीत तिच्या बहिणी पडलेल्या असतात."

मी ओरडले तिच्यावर. रडली. काय करू, मला भीती वाटली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हाफ डे टाकून घरी आले. घर बंद, सगळं जागच्या जागी. फक्त स्वयंपाकघरात तांदळाचा वास, डबा उघडल्यावर येतो तसला, कोंदट. डबा मात्र बंद होता.

शाळेतून ऋता आली. मला पाहून तोंड पडलं. "तू का आलीस? आता ती नाही येणार."

मी डबा उघडला. कोपरापर्यंत हात घातला. सुपारी तळाशी होती, खण आणि पोतीसकट. ओली होती. नाही, ओली नव्हती, कोमट होती. हातात तान्हं धरल्यावर लागतं तशी.

खाडीत भिरकावून देणार होते. जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. मग गुरुजी आठवले.

२४ ऑगस्ट, रविवार

गुरुजींकडे जाऊन आले. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "उत्तरपूजेत देवांना निरोप दिला. तिला कोणी दिला नाही, माझंही चुकलंच. रोज कुणीतरी सुपारी ठेवतं, काही होत नाही. पण तुम्ही नाव दिलंत, पोत दिलीत, वर तोंडानं जागाही दिलीत."

फेकून देऊ?

"तिला तुमचं नाव आहे. तुम्ही फेकलीत तर काय बुडेल ते मी सांगू शकत नाही. यजमानानं बसवली, यजमानानं उठवायची. हातात घेऊन एवढंच म्हणायचं, आता तू जा. तेही प्रवासाला निघण्याआधी. एकदा तिच्याबरोबर वेस ओलांडली की झालं."

एवढंच! रस्ताभर मला हसू येत होतं. नंदूनं तीन शब्द बोलायचे, बस. नवसबिवस काही नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

नंदूला सगळं सांगितलं. चहा पिता पिता ऐकलं. पीडब्ल्यूडीतला इंजिनियर, थट्टा करणार हे धरून चालले होते. थट्टाही केली नाही त्यानं.

सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, म्हण. आता तू जा.

बघत राहिला तिच्याकडे. अंगठ्यानं पोत सरळ केली.

"उद्या म्हणतो," म्हणाला.

उद्या का? तीन शब्द आहेत, नंदू!

"सुमेधा, तू हल्ली किती छान वागतेस दुपारी. फोन करतेस, विचारतेस जेवलात का. आणि संध्याकाळी घरी आलो की अशी." सुपारी शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून हात ठेवला.

फार लागलं मला. दहा वर्षं याचे डबे केले, याच्या आईचं दुखणं काढलं, ते सगळं "अशी" या शब्दात गेलं.

९ सप्टेंबर

रोज विचारते. रोज "उद्या".

२७ सप्टेंबर, शनिवार

तिकिटं आली. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर. नंदकिशोर, सुमेधा, ऋता. माझं नाव वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही, शेजारणीचं वाचावं तसं.

तिथून पुढे छोट्या बोटीनं आणखी एका बेटावर जायचंय म्हणे. नंदू नकाशावर बोट ठेवून ऋताला दाखवत होता. "इथं आईला जायचंय. बागाच बागा." ऋतानं विचारलं, "कुठल्या आईला?" तो हसला आणि नकाशा घडी करून ठेवला.

८ ऑक्टोबर, बुधवार

तोंडाला सतत तुरट चव. डॉक्टर म्हणाले, ॲसिडिटी.

बँकेत आज मॅनेजर माझ्यासमोरून दोनदा गेले आणि मग विचारलं, सुमेधाबाई आल्या नाहीत का? मी हात वर केला. "अरे, दिसलाच नाहीत!" मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

हात कोरडे पडलेत. तपकिरी. नखानं ओरखडलं तर आत पांढऱ्या रेषा दिसतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

ऋता माझ्या हातचं खात नाही. "तुझा आवाज लांबून येतो," म्हणाली. वाईट हेतूनं नव्हे, सहज म्हणाली. मी तिला घट्ट धरलं, तर तिनं माझ्या केसांचा वास घेतला आणि म्हणाली, "तांदूळ."

माझी पोर आहे ती! मी नऊ महिने वागवलीय! सुपारीला काय ठाऊक असतं?

आज खिसे तपासले. नंदू तिला रोज ऑफिसला नेतो आणि संध्याकाळी डब्यात ठेवतो. हळूच ठेवतो. त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "मला भीती वाटतेय रे." वळून पाहिलं त्यानं. क्षणभर वाटलं, म्हणेल. ओठ हललेसुद्धा. मग आतून कुणीतरी "अहो" म्हणून हाक मारली आणि तो गेला.

दिवाळी पाडवा

आज ठरवलं होतं. पाडव्याचं औक्षण बायकोचं. ते मीच करणार, माझ्या हातानं, आणि ताटात ओवाळणी म्हणून ते तीन शब्द मागणार. नाही म्हणता येत नाही पाडव्याला.

उठले तर दारात रांगोळी काढून झालेली. ठिपक्यांची, माझ्या आईसारखी. मला ती कधीच जमली नाही. ताट घेतलं, निरांजन लावलं, बाहेरच्या खोलीत आले. नंदू पाटावर बसला होता. कपाळाला कुंकू होतं. ओलं होतं अजून. अक्षता खांद्यावर पडलेल्या.

मी समोर ताट धरून उभी. म्हटलं, नंदू, माझी ओवाळणी दे. म्हण ना रे.

ऋतानं त्याला विचारलं, "बाबा, हा कसला आवाज?"

"कुठं काय," म्हणाला. पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ऐकलं होतं त्यानं. सगळं ऐकलं होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज निघायचं. ह्यांनी विचारलं, सगळं घेतलंस ना? मी म्हटलं, हो, घेतलं. ऋताच्या दोन वेण्या घातल्या. मालतीबाईंकडे किल्ली दिली.

तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आहे, झाकण घट्ट लावून. ती आतून फार बोलते. होईल सवय. मलाही झाली होती.