शून्य कुठून मोजायचं

३ जुलै
तिसऱ्यांदा मागणी परत आली! म्हणे, कारण स्पष्ट नाही. आपत्ती विभाग पुराची पातळी मागतोय, याहून स्पष्ट कारण काय द्यायचं? नदी कुठवर चढते ते पाटबंधारे खात्याला ठाऊक. घरं, रस्ते, शाळा माझ्या नकाशावर. दोन्ही एकावर एक ठेवलं की कुणाला कुठे हलवायचं ते कळतं. एवढंच.

आणि त्या खात्यात हे आकडे सांभाळतो कोण? माझा नवरा! रोज समोरासमोर जेवतो आम्ही. विचारलं की म्हणतो, "साहेबांची सही आण." ऑफिसची टाचणीसुद्धा घरी न आणणारा माणूस. नियमराव!

८ जुलै
सही झाली, आकडे आले. नदीकाठच्या वस्तीला निवारा म्हणून जवळची शाळा ठरली — पुराच्या पातळीहून दीड मीटर उंच. आमचे साहेब चक्क हसले.

९ जुलै
जेवताना जरा फुशारकी मारली. त्याचा घास हातातच राहिला.
"शाळेची उंची कुठून मोजलीस?"
"समुद्रसपाटीपासून. सगळे तिथूनच मोजतात."
"आम्ही नाही. आमचं शून्य जुन्या पुलाच्या पायथ्याशी."

पुलाचा पायथा समुद्रसपाटीपेक्षा कितीतरी वर, म्हणजे पाणीही आमच्या हिशेबापेक्षा वर येणार. त्यांच्या खात्यात हे सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी लिहिलं नाही. आम्हाला माहीतच नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.

१० जुलै
साहेबांना सांगितलं. "जेवताना ऐकलं म्हणून शाळा बदलू? लेखी आणा." लेखी द्यायला नवऱ्याचे साहेब हवेत, ते रजेवर. नदीच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस. वस्तीतली माणसं शाळेत यायलाही लागली.

घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. "आता तरी पाठव ना."
"मला अधिकार नाही."
तिटकारा आला त्याचा. खरंच आला.

११ जुलै
ऑफिसात पोचते तर फाईल आलेली! पुलाच्या पायथ्याची उंची, सुधारलेल्या पातळ्या, खाली त्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा. साहेबांच्या सहीची जागा कोरी. आमच्या साहेबांनी एकदा वाचलं आणि फोन उचलला.

दुपारपर्यंत सगळी माणसं टेकडीवरच्या कॉलेजात. एक आजी वाटभर माझ्यावर करवादत होत्या, "आत्ता कुठे अंथरूण घातलं होतं बाई, लगेच उचला! तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?" मी आपली त्यांचं गाठोडं घेऊन चालत होते.

१२ जुलै
शाळेच्या खिडक्यांपर्यंत पाणी. आत कुणी नव्हतं.

१६ जुलै
त्याला निलंबित केलं. परवानगीशिवाय माहिती बाहेर दिली म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार कुणी केली, म्हणून विचारलं.

तो भांडी विसळत होता. म्हणाला, "मीच."