वाघोबापुढची डहाळी

वाघबारस. मुरबाड, संध्याकाळ.

आत्याला माझी नवी गोष्ट वाचून दाखवली. तिनं विचारलं, "ही पोरगी रानात शिरली, नि वाघोबापुढं डहाळी नाय ठेवली गो?" आमच्याकडं रानाच्या तोंडाशी वाघोबा देव असतो, त्याच्यापुढं डहाळी ठेवल्याशिवाय कुणी रानात पाऊल टाकत नाही.

मी विसरले कशी? कारण ते रान आमचं नाहीच. शाळेत एका जुन्या स्कॉटिश लेखकाची अद्भुतकथा मराठीत वाचली होती, त्यातलं आहे. त्याच्यानंतरच्या कितीतरी लेखकांच्या पुस्तकांत त्याचीच झाडं दिसली, तेव्हा मी हसायचे. आता ती माझ्या वहीत उगवलीत.

डहाळी गोष्टीत घालायला बसले आणि हात थांबला. आज सकाळी वाघोबावरून मीही रानात गेले होते. डहाळी न ठेवता. मग मी कुठल्या रानात शिरले?