ओकबुनची मांजर

तोंगयंग, १२ मे १९९७

चि. सौ. कुमजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही. चाळीस वर्षं शिंपले घासायच्या चाकाशेजारी बसल्यावर कान उरतात कुठे? म्हणून हे पत्र. कारण तुझ्या ताईची मांजर, नुरुंजी.

ओकबुनला जाऊन सहा महिने झाले. नुरुंजी पहिले दोन महिने तिच्या अंथरुणाखालून बाहेर येत नव्हती. आता येते, ती नखं काढूनच. आमच्या पोरानं, इन्चोलनं, सोलहून पाठवलेल्या गालिच्याचा एक कोपरा फाटक्या गादीसारखा झालाय. तेही सोसलं असतं. पण बाईसाहेब कपाटाकडे वळल्यात. तुला ठाऊक आहे कोणतं ते. रोगण माझं, शिंपल्याची नक्षी तिची. त्यावरचा अकरावा सारस कापून बसवल्यावर तिनं करवत खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेली. ते कपाट मी कुणाला विकणार नाही. त्याच्या खालच्या फळीवर आता तीन ओरखडे आहेत.

काल तिला झाडूनं हाणलं. त्यानंतर दिवसभर घशाखाली घास उतरला नाही. माझ्या. ती मजेत जेवली.

तू लहानपणापासून मांजरी पाळल्यास. काय करू ते कळव. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दोशिक

——

चिंजू, १८ मे १९९७

ती. भाऊजींस,
कुमजाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुकानात शेवयांचं आधण उकळत होतं, तशात उभ्यानंच वाचलं.

आधी तो झाडू लपवून ठेवा. मांजर तुमच्या नाकावर टिच्चून नखं घासत नाही. तिला अंग ताणायचं असतं, नखांवरची जुनी साल काढायची असते, ही जागा माझी असं सांगायचं असतं. तिला घासायला दुसरं काही दिलंत का? एवढे मोठे कारागीर, आणि घरात एक ठोकळा नसावा!

कमरेएवढा उंच खांब करा. बूड जड ठेवा. डगमगला तर ती पुन्हा फिरकणार नाही. त्याला तागाची दोरी घट्ट गुंडाळा आणि ती जिथं ओरबाडते तिथंच, कपाटाला चिकटून उभा करा. सवय झाली की रोज वीतभर लांब सरकवा. खांबाला नखं लावली की सुकी मांदेली द्या. गालिच्यावर संत्र्याची सालं टाका, तो वास त्यांना सोसत नाही. पंधरवड्यानं नखांची नुसती टोकं कापा. आणि तोवर कपाटावर जाड चादर टाका. ही शेवटची गोष्ट विसरू नका.

मांदेलीवरून आठवलं, या खेपेची पेटी अजून आली नाही. मेहुणीला विसरलात की पेटी वाटेतच संपली? भात करपवत जाऊ नका. तब्येतीला जपा.

तुमची,
कुमजा

——

तोंगयंग, २२ जून १९९७

चि. सौ. कुमजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेटी काल रवाना केली. खांब केला. पहिले तीन दिवस तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मीच गुडघ्यावर बसून बोटांनी दोरी खरवडून दाखवली. शेजारच्या म्हातारीनं खिडकीतून पाहिलं आणि सगळ्या गल्लीत सांगितलं की बायको गेल्यापासून दोशिकचं डोकं फिरलंय. पण नुरुंजीला पटलं. गालिचा वाचला. संध्याकाळी माझ्या मांडीवर येऊन बसते आता.

कपाटाचं मात्र जमलं नाही. चूक माझीच. चादर आठवडाभर ठेवली, पुढे मला बघवेना. घरात प्रेत झाकून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. सकाळी उठल्यावर ते सारस दिसले नाहीत तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. म्हणून काढली. परवा तिनं अकराव्या सारसाच्या मानेवरचा तुकडा उखडला. केर काढताना सापडला. मी चिकटवला, पण चमक उलट्या बाजूनं पडते. ओकबुननं तो असा बसवला नसता.

रागावलो नाही. झाडूला हातही लावला नाही.

तुझा,
दोशिक

——

तोंगयंग, २२ सप्टेंबर १९९७

चि. सौ. कुमजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चुसॉकच्या सणाला इन्चोल येऊन गेला. तो म्हणाला, बाबा, एक काय ते ठेवा, कपाट नाहीतर मांजर. मी म्हटलं, दोन्ही ओकबुनचीच आहेत. तेव्हा त्यानं पुसानच्या एका डॉक्टरचं नाव काढलं. तो पुढच्या पायांची नखं कायमची काढून टाकतो म्हणे. तासाभराचं काम. दुसऱ्याच दिवशी इन्चोल तिला टोपलीत घालून घेऊन गेला. मी नाही म्हटलं नाही.

तेव्हा आता काळजी मिटली. कपाट सुरक्षित आहे. ती अजून जरा ओल्या फरशीवर चालावं तशी चालते. मांडीवर येत नाही. होईल बरी.

तुझा,
दोशिक

——

चिंजू, २६ सप्टेंबर १९९७

ती. भाऊजी,

आज नमस्कार लिहायला हात उठत नाही.

नखं काढली म्हणता! आमच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. नुसतं नख नाही काढत, बोटाचं शेवटचं पेरच कापतात. तुमची दहाही बोटं अशी कापली असती तर रोगणाचा कुंचला धरता आला असता? एक चादर सोसवली नाही तुम्हाला!

आता निदान एवढं करा. तिच्या शी-शूच्या पेटीतली वाळू काढा, जखमेला टोचते ती. त्याऐवजी वर्तमानपत्र फाडून मऊ चुरा घाला. आणि तिला दाराबाहेर अजिबात सोडू नका. तिच्यापाशी आता लढायला काही नाही, चढायलाही नाही.

कुमजा

——

तोंगयंग, २० ऑक्टोबर १९९७

चि. सौ. कुमजास,
आशीर्वाद.

नुरुंजी गेली.

तुझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळी वाचल्या आणि रागानं ते खणात टाकलं. या वयात मेहुणीनं मला शिकवावं, असं वाटलं. वाळूचं आणि दाराचं पुढे लिहिलं होतंस, ते मी काल वाचलं.

ती पेटीत जाईना. अंथरुणात घाण करू लागली. मला वाटलं, अंगणातली मऊ माती हवी असेल. म्हणून दार उघडं ठेवायला लागलो. अकरा तारखेला दुपारी मी रोगण लावत होतो. धक्क्यावरचा कुत्रा अंगणात शिरला. खिडकीतून मला सगळं दिसलं. ती नेहमीसारखी तेंडूच्या झाडाकडे पळाली, उडी मारली, खोडाला मिठी घातली आणि घसरून खाली आली. पुन्हा उडी मारली. पुन्हा घसरली. मी अनवाणी धावलो, पण उशीर झाला होता.

पाव तास माझ्या मांडीवर होती. पुढचे पंजे सारखे माझ्या सदऱ्याला लावत होती. तिला धरायचं होतं गं, आणि धरता येत नव्हतं.

समुद्र दिसतो त्या उतारावर पुरली. इन्चोलनं फोन केला, दुसरी आणून देतो म्हणाला. मी फोन ठेवून दिला. त्याला दोष देत नाही. नाही म्हणायला हवं होतं ते मी.

पुढच्या महिन्यात नऊ तारखेला ओकबुनचं वर्षश्राद्ध. पानं मांडून तिला घरची खबर सांगायची असते. इन्चोलच्या बायकोला दिवस गेलेत हे सांगेन. पुढे ती मांजरीचं विचारणार. कुमजा, तू ये. ते एक वाक्य माझ्याच्यानं बोलवणार नाही. माझ्या वतीनं तू सांग.

तुझा,
दोशिक

——

चिंजू, २४ ऑक्टोबर १९९७

ती. भाऊजींस,
कुमजाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून स्वयंपाकघरात रडले. गिऱ्हाइकांना वाटलं, कांदा चिरतेय. तुमच्यावरचा राग गेला नाही, पण आता तो एकट्या तुमच्यावर नाही.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. ताईनं इस्पितळात माझा हात धरून विचारलं होतं, नुरुंजीला तू नेशील का? तो माणूस चांगला आहे, पण त्याला मांजर कळत नाही, असं म्हणाली होती. मी म्हटलं, दुकानात केस पडतात, गिऱ्हाईक बोलतं, बघू. मग तिला सफरचंद चिरून दिलं आणि विषय बदलला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आठ तारखेच्या दुपारच्या बसनं येते. मासे आणि नासपती मी आणेन. भात तुम्ही लावा, करपला तरी चालेल. पण तुमचं वाक्य मी बोलणार नाही, भाऊजी. ते तुम्हीच बोला, मी शेजारी उभी राहीन. तुमचं झालं की मलाही तिला माझं सांगायचं आहे.

लोभ आहेच. या खेपेला तोच धरून एकमेकांना सावरू.

तुमची,
कुमजा