नाव तुझं आधी

ता. ९ मार्च
राज्यशास्त्र विभागाची खोली, दुपार

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. तुझे टेबल माझ्या टेबलाला पाठ लावून उभे आहे आणि तरीही मी तुला पत्र लिहिते आहे, याचे तुला हसू येईल. येऊ दे. आईचा गुडघा आता बरा आहे. काल ती जिना एकटीने उतरली आणि मग आपल्याला वर कोण नेणार, यावरून माझ्याशीच भांडली. खिडकीची कडी दुरुस्त झाली. आता मुद्द्याचे.

एक कोडे तुझ्याही पाहण्यात असेल. दोन शेजारी देशांत नदीवर धरण बांधण्याचा करार होऊ घातलेला असतो. दोघांनाही वीज मिळणार, दोघांचीही शेते भिजणार. मसुदा तयार, सह्यांची पेने तयार. आणि ऐन वेळी एक जण उठून जातो. हातात आलेला फायदा लाथाडून जातो! वर्तमानपत्रे त्याला हटवादी म्हणतात, तू वर्गात त्याला अदूरदर्शी म्हणतेस. मी मात्र वर्षानुवर्षे त्याची वकिली करत आले आहे.

माझे म्हणणे तुला तोंडपाठ आहे, तरी पायरीपायरीने मांडू दे. राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी पंच नाही. हाक मारली तर धावून येईल असा पोलीस नाही. म्हणून प्रत्येकाने आपले आपणच पाहायचे. अशा जगात ‘मला किती मिळणार?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘त्याला माझ्यापेक्षा किती जास्त मिळणार?’ हा खरा प्रश्न. कारण आज त्याच्या पदरात पडलेली जास्तीची वीज उद्या कोणत्या कारखान्यात जाईल आणि तिथे काय तयार होईल, हे कोणी सांगावे? आम्हा वास्तववाद्यांच्या घरातही भांडण आहेच, आणि मला ते फार आवडते! काही म्हणतात, राष्ट्राला सुरक्षित राहण्यापुरती सत्ता पुरते. काही म्हणतात, ‘पुरेशी’ म्हणजे किती हे कधीच कळत नाही, म्हणून राष्ट्र सत्ता जमवणे थांबवूच शकत नाही. यावर तुझ्या, सहकार्यवाद्यांच्या पक्षाचे उत्तर असे की, जिथे युद्धाची भीती नाही तिथे शेजाऱ्याच्या वाट्याची मोजदाद कोणी करत नाही.

आई पहिल्यापासून तुझ्याच पक्षाची. दुधाचे दोन पेले भरले, की मी वाकून दोन्हींची पातळी पाहायची. “अगं, तुझा काठोकाठ भरलाय ना? मग तिच्या पेल्यात काय डोकावतेस?” तू तोवर पिऊन, ओठांवरची मिशी पुसून मोकळी.

परवाची वादसभा. दर वर्षी तिथे प्रत्येकाने विरोधकाची बाजू मांडायची, हा आपल्या विभागाचा शिरस्ता. मी सहकार्याची बाजू मांडली. नेटकी मांडली, टाळ्याही शिस्तीत पडल्या. मग तू उठलीस माझा वास्तववाद घेऊन. हातात टिपण नाही. पहिल्या रांगेतल्या दोघांना उभे केलेस, एकाच्या हातात किल्ली ठेवलीस आणि दुसऱ्याला म्हणालीस, “खोली तुम्हा दोघांची. किल्ली फक्त याच्याकडे. माणूस चांगला आहे हं. तुला झोप लागेल?”

सभागृह हसले. आणि मग एकदम गप्प झाले.

तशी शांतता माझ्या वर्गात कधी पडली नाही. माझ्या वर्गात पडते ती पेंग. जिन्यात माझीच एक विद्यार्थिनी भेटली. “मॅडम, वास्तववाद इतका सोपा आहे होय! आम्ही उगाच घाबरत होतो.” मी हसून म्हणाले, “मांडणाऱ्यावर असतं गं.” शेवटच्या पायरीपर्यंत ते हसू मी तसेच धरून ठेवले.

संध्याकाळी तू चहाचा कप माझ्यापुढे ठेवलास. “ताई, प्रकाशकांनी पुस्तक मागितलंय. दोघी मिळून लिहू या. एक प्रकरण तुझं, एक माझं, वाद तसाच ठेवायचा. आणि नाव तुझं आधी.”

“ते का?”

“असंच. मला काय फरक पडतो?”

विचार करून सांगते, म्हणाले मी, आणि टेबलावरचे नीट लावलेले कागद पुन्हा नीट लावले. तेव्हापासून नकाराची कारणे जुळवते आहे. उत्तरपत्रिका आहेत, डोळे दुखतात, आईकडे पाहावे लागते. एकही कारण खोटे नाही आणि एकही खरे नाही. पुस्तकाने माझे भलेच होईल, हे मला दिसते. पण वाचणारा वाचणाऱ्याला सांगेल, ‘धाकटीची प्रकरणे वाच.’ ते मला सोसणार नाही. ऐन वेळी उठून जाणारा तो देश म्हणजे मी, छोटी.

आणि त्याहून जास्त बोचते ते तुझे ‘काय फरक पडतो’. अशी सवलत दोघेच सहज देतात. एक, ज्याचा समोरच्यावर पुरता विश्वास आहे. दुसरा, ज्याला समोरच्याची भीतीच उरलेली नाही. बाहेरून दोघे हुबेहूब सारखे दिसतात. हेतू डोळ्यांना दिसत नाहीत, हेच तर आमच्या शास्त्राचे जुने दुखणे.

म्हणून एक साधा प्रयोग सुचवते. तो कोणालाही, कोणाच्याही बाबतीत करता येईल. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने दोन नावे लिही. माझे वर, तुझे खाली. कागद टेबलावर ठेवून चहा आणायला जा. परत आल्यावर त्यावर नजर पडताच आत कुठे टाचणीच्या टोकाएवढे जरी खुपले, तर मोजणारी मी एकटी नाही; उद्या सकाळी खुर्ची माझ्या बाजूला वळव. आपण पहिल्या प्रकरणाला बसू.

काहीच खुपले नाही, तर पुस्तक तू एकटीने लिही. छान लिहिशील. फक्त प्रयोग करून पाहिलास, हे मला सांगू नकोस.

तुझा पेला अजूनही वाकून पाहणारी,
ताई