इस्त्रीची पुस्तिका आणि माझं पाचारण

रविवार, १ सप्टेंबर
उपासनेनंतरच्या चहाबरोबर मला आजही मोडकं बिस्किट आलं. साडूच्या बशीत अखंड, तीही दोन. दुर्लक्ष करता आलं असतं. पण मग इतिहासाला साधनं कुठून मिळणार?

पाळकसाहेबांनी नवी प्रथा काढली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतल्या एकाने साक्ष द्यायची, की आपल्या रोजच्या कामातून प्रभूची सेवा कशी घडते. पहिला मान साडूला. साडू दातांचा डॉक्टर. म्हणाला, दाढ काढण्याआधी मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. (पेशंट मोठ्याने करत असतो, हे गाळलं.) सासूबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. सासूबाई आम्हा दोघांच्या एकच. रुमाल निघतो तो त्याच्यासाठी.

मला हेवा वाटला नाही. नोंद एवढ्यासाठीच.

सोमवार, २ सप्टेंबर, सकाळी
संकल्प: मीही माझ्या कामात पाचारण, म्हणजे प्रभूचं बोलावणं, शोधणार. मिक्सर, पंखे, गीझर यांच्या माहितीपुस्तिका मी मराठीत आणतो. ही म्हणते, लोक खोकं उघडतात, पुस्तिका बाजूला फेकतात आणि बटण दाबतात. दोष लोकांचा नाही, भाषेत तेज नाही. यापुढे प्रत्येक वाक्य थेट प्रभूच्या हाती द्यायचं असल्यासारखं लिहीन.

दुपारी: झोप लागली. उद्यापासून.

बुधवार, ४ सप्टेंबर
वाफेच्या इस्त्रीची पुस्तिका आली. मूळ मजकूर: पाणी भरण्याआधी प्लग काढा. असं कोणीही लिहील! गुडघे टेकून चिंतन केलं. गुडघा धरला म्हणून उरलेलं खुर्चीत. अखेर सिद्ध झालं: 'जलपूरणापूर्वी विद्युत्संबंधाचा परित्याग करावा.' शाळेत संस्कृतला मिळालेलं बक्षीस आज सार्थकी लागलं.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, अहो, इस्त्री आहे की संन्यास?

काव्याची ओढ कमी. माहेरचा प्रभाव.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
कंपनीच्या साहेबांनी एका मिनिटात मजकूर मंजूर केला. त्यांना मराठी वाचता येत नाही, तरी पसंत पडला. याला म्हणतात अंतःप्रेरणा.

ठणका थांबला म्हणून एक पेशंट साडूकडे केक घेऊन गेला, असं ही सांगत होती. दोनदा सांगितलं. तुमच्यामुळे आमचा पंखा नीट बसला, असं म्हणत माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही. केक मला तसाही सोसत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर
साक्ष शाळेच्या बसच्या ड्रायव्हरबाईंची. बरी झाली. नंतर पाळकसाहेबांना गाठून एक योग्य नाव सुचवलं. माझं. नोव्हेंबर मिळाला. साडू खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पंडितजी, आटोपशीर ठेवा हं, लोकांना घरी जाऊन जेवायचं असतं. आणि बत्तीशी दाखवली. त्याचा धंदाच तो.

शनिवार, १९ ऑक्टोबर
साक्षीचा मसुदा अकरा पानं. आटोपशीरच म्हणायचा.

छापलेली पुस्तिका आली; सोबत कंपनीकडून एक इस्त्री भेट. साडू तिथे असताना नेमकी सासूबाईंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, जावईबापू, काय शब्द आहेत हो! साडू गप्प. इतकी गोड शांतता मी प्रथमच ऐकली.

रविवार, ३ नोव्हेंबर
साक्ष झाली नाही.

सकाळी मेहुणीचा फोन. सासूबाई चर्चचे कपडे इस्त्री करायला बसल्या आणि प्लग तसाच ठेवून त्यांनी पाणी ओतलं. तापलेल्या इस्त्रीतून वाफ उसळली. उजवा तळहात भाजला. आम्ही पोचलो तोवर साडूने पट्टी बांधली होती. एक अक्षर बोलला नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे, की पुस्तिका वाचली नव्हती का? सासूबाई म्हणाल्या, अहो, रोज वाचते. ते परित्यागाचं तेवढं कळलं नाही. तुमच्या मेहुणीला विचारणार होते. म्हटलं, नको, ती हसेल, उगाच तुमचं नाव जाईल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
कंपनीला फोन केला. म्हणाले, पुस्तिका खोक्यांतून दुकानांत गेल्या, पुढच्या छपाईत बघू.

जवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी वेड्यात काढलं, मग शिल्लक खोकी उघडू दिली. प्रत्येक पुस्तिकेवर जाड पेनाने लिहिलं: आधी प्लग काढा. साक्षीत सांगण्याजोगं काही नाही. ते परित्यागाचं वाक्य साडूला दिपवायला लिहिलं होतं.

हात बरा होईल, असं साडू म्हणतो. विकली गेलेली खोकी कोणाकोणाच्या घरी आहेत, ते दुकानदारालाही ठाऊक नाही. त्यांतलं कोणीतरी माझी पुस्तिका मन लावून वाचत असेल, याची मला भीती वाटते.