काळ्या पुस्तकातल्या खुणा

मंगळवार, १२ मार्च
आज डागडुजीच्या टेबलावर ते काळं पुस्तक आलं. कणा पार निखळलेला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सोळा जण रांगेत आहेत. सोमवारी उभं करून दे."

आमचा नियम ठरलेला — आधी पान न् पान उलटून पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या, मगच गोंद. बदाम, नावं, कुणाचा तरी फोन नंबर, सगळं पुसलं. पुसता पुसता वाचत गेले! काळा कोटवाला नायक. नायिकेला डोंगरावरच्या बंगल्यात कोंडतो आणि म्हणे हे प्रेम! काय बिनडोक माणूस! आणि मी तरी काय — त्याला शिव्या घालतेय आणि हात आपला पान उलटतोय. पाच कधी वाजले कळलंच नाही.

खाली चष्मेवाला उभा. समोरच चष्म्यांचं दुकान आहे त्याचं, तरी रोज पाचला दारात येऊन थांबतो. "दहा मिनिटं उशीर का?" म्हणाला.

बुधवार, १३ मार्च
पुस्तक घरी आणलं. गोंद वाळायला घरचं ऊन बरं, असं बाईंना सांगितलं. खरं कारण मलाच ठाऊक.

चष्मेवाल्याला रविवारी लग्नाचं उत्तर द्यायचंय. हो की नाही. त्यानं आईला नवा चष्मा करून दिला, तेव्हा ती नुसतं "बरा आहे" म्हणाली. मला मात्र बाबा आठवतात. आई अर्धा दिवस दिसली नाही तरी त्यांना करमायचं नाही! तिची शाळेतली नोकरीसुद्धा त्यापायीच सुटली. अख्खी गल्ली म्हणायची, "किती जीव आहे बायकोवर!" मला लहानपणापासून तसाच कुणीतरी हवाय. चौतिसाव्या वर्षी मिळतोय, तर मी कसला विचार करत बसलेय?

गुरुवार, १४ मार्च
गंमतच! कामावरून आले, पुस्तक उघडलं, तर तेविसाव्या पानावर बरोबरची खूण. लांब शेपटीची. पुढे आणखी दोन. मंगळवारी मी पान न् पान पुसलंय! माझे डोळे फुटले होते का?

परत पुसल्या.

शुक्रवार, १५ मार्च
परत आल्या! आणि नऊ वाढल्या!

आता नीट बघितलं. सगळ्या खुणा त्या काळ्या कोटवाल्याच्या करणीपुढे. तो तिचा हिरवा स्वेटर जाळतो — खूण. तिच्या मैत्रिणीला दारातूनच परत पाठवतो — खूण. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो — खूण. कुणाला एवढा आवडला हा माणूस?

घरात माणसं दोन. एक मी. दुसरी म्हणते, "बारीक अक्षर मला दिसत नाही गं." आणि तिचा नवा चष्मा आज कुठे सापडला? पुस्तकाच्या शेजारी.

जाता जाता — पाचला दारातच बाईंनी मला विचारलं, उद्या जादा काम आहे, येशील का? मी तोंड उघडायच्या आत चष्मेवाला म्हणाला, "ती नाही येणार." आधी बरं वाटलं. मग नाही वाटलं. मग परत थोडं बरं. माझं मलाच कळेना.

शनिवार, १६ मार्च
आईला सरळ विचारलं. "तुला आवडतो का गं हा मेला काळा कोटवाला?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवडायचंय काय त्यात? जे झालंय, त्याच्यापुढे खूण केली."

"कुणाचं झालंय?"

तिनं देठांचा ढीग कागदात गुंडाळला. मग म्हणाली, "स्वेटर त्यांनी जाळला नाही. कात्रीनं कापला. बाकी तेच."

माझे बाबा! मला धड रागही येईना, रडूही येईना. "मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"सगळे म्हणायचे, जीव आहे. मला वाटलं, असेल." मग माझ्यावरच चिडली. "तू ते पुस्तक वाचताना गालात हसत होतीस. तोंडानं सांगणं जमेना, म्हणून खुणा केल्या. तर तू आपली पुसतच सुटलीस!"

कामाची सवय, दुसरं काय! आम्ही दोघी हसलो आणि मग मी खूप रडले. डोळे पुसून शेवटी काय होतं ते विचारलं, कारण माझी शंभर पानं राहिली होती.

"शेवटी तो सुधारतो," आई म्हणाली. "तेवढं खोटं लिहिलंय."

रविवार, १७ मार्च
सकाळी आईची पेन्सिल मागून घेतली. तिच्या खुणांशेजारी माझ्या केल्या — सहा. ओळख अवघी तीन महिन्यांची!

पाचला तो घराखाली आला. नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?"

एकसष्टावं पान, खालून तिसरी ओळ — काळा कोटवालाही तिला हेच विचारतो. वर येऊन सातवी खूण केली.