बाईच्या रक्तातली रेघ

सोमवार, ३ फेब्रुवारी

रेघ आली! जिथे यायला नको, नेमकी तिथेच आली!

चौथ्या ओळीत. आमच्या लॅबमध्ये जेलच्या पातळ वडीवर पहिली ओळ मोजपट्टीची, दुसरीत नुसतं पाणी, तिसरीत पुरुषाचं रक्त, चौथीत बाईचं आणि पाचवीत पेशंट. आम्ही शोधतो तो वाय गुणसूत्राचा एवढासा तुकडा, जो फक्त पुरुषात असतो. मशीन त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं, तेव्हा कुठे तो रेघ होऊन दिसतो. बाईची ओळ कोरीच यायला हवी. इतकी वर्षं कोरीच येत होती. आज फिकट, पण रेघच!

आणि ते रक्त माझं. नेहमी रक्त देणारी पोरगी नोकरी सोडून गेली, तिची शेवटची कुपी गेल्या आठवड्यात संपली. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचाच हात पुढे करा." केला.

आमचा टेक्निशियन लंबू लगेच, "ताई, तुमच्यात पुरुषी अंश आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!" पिपेटला लावायच्या टिपांचा डबा फेकून मारणार होते.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही मात्र. पाचव्या ओळीतही रेघ आहे, तेवढीच फिकट. पेशंट बस ड्रायव्हर, वय छत्तीस, रक्ताचा कॅन्सर. आठ महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीने त्याला बोन मॅरो दिला. तेव्हापासून त्याच्या अंगात जे रक्त बनतं ते बहिणीचं, बाईचं. त्यात पुरुषाची खूण सापडली तर त्याच्या जुन्या पेशी परत डोकं वर काढताहेत, दुखणं परत येतंय. पण चौथी ओळच घाण निघाली तर पाचवीवर विश्वास कसा ठेवायचा? रिपोर्ट अडकला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सगळं नवं उघडलं. टिपा नव्या, नळ्या नव्या, रसायनं नवी. टेबलं ब्लीचने पुसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझं रक्तही परत काढलं.

पुन्हा रेघ.

बुधवार, ५ फेब्रुवारी

संशय लंबूवर! लॅबमध्ये पुरुष तो एकटा, मग ही पुरुषाची खूण आणणार कोण? त्याला दाढी काढायला लावली. दोन मास्क, टोपी, वरून हूड. "आता मला फक्त पोत्यात घालायचं बाकी आहे," म्हणाला. पण दुपारी मॅडमनी त्याला आतल्या खोलीतून काढून नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवलं, तेव्हा तोंड एवढंसं झालं. बारा वर्षं काम करतोय इथे. डबा न बोलता खाल्ला. लंबू आणि न बोलता!

ड्रायव्हरची बहीण येऊन गेली. शिवणकाम करते, ब्लाउजच्या कडेला टाचण्या तशाच खोचलेल्या. "ताई, रिपोर्ट?" चालू आहे, म्हटलं. "डॉक्टर म्हणतात लवकर ठरवायला हवं. परत आलं असेल तर पुन्हा ती जालीम औषधं. मागच्या वेळी त्याला घोटभर पाणीसुद्धा गिळवत नव्हतं हो. आता कुठे जिना चढायला लागलाय." मग घड्याळ बघून धावतच निघाली, मुलाची शाळा सुटायची वेळ झाली होती. मी बसले हात चोळत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मॅडम जुने शोधनिबंध उपसत होत्या. जेवताना म्हणाल्या, "एक कारण असतं म्हणे. मुलगा पोटात असतो तेव्हा त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मलं, नाही जन्मलं, त्या तिथेच राहतात. वीस-वीस, तीस-तीस वर्षं!" मग माझ्याकडे बघून जरा ओशाळल्या. "पण ताईंना मूलबाळ नाही. म्हणजे ते नव्हे. कुठेतरी घाणच होतेय."

मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली!

दुपारी दोन नळ्या सांडल्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज काही लिहवत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहायलाच हवं. इथे नाही तर कुठे?

चोवीस वर्षं झाली. सातवा महिना होता. सकाळी उठले तर अंथरूण रक्ताने भरलेलं. दवाखाना, धावपळ, भूल. मी शुद्धीवर आले तोवर आमचे हे बाळाचं सगळं उरकून आले होते. एकटेच गेले होते. मी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"मी पाहिलं नाही," म्हणाले. भिंतीकडे तोंड करून.

बस्. पुन्हा विषय नाही. तीन वर्षांनी आम्ही ते शहर सोडलं. यांनी इथे चष्म्याचं दुकान टाकलं, मी या लॅबमध्ये लागले. नोकरीच्या फॉर्मवर अपत्यांपुढे "नाही" लिहिलं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग तेच खरं झालं.

पण पाहिलं नाही! पाहिलं कसं नाही? आपलं मूल, एकदा तोंडावरचं कापड बाजूला करून बघवलं नाही? चोवीस वर्षं मी मनातल्या मनात या माणसाशी भांडते आहे आणि वर विचारते आहे की भाजी कोणती करू. चांगला माणूस आहे. कधी आवाज चढवला नाही. म्हणून तर भांडताही येत नाही!

मुलगा होता. आता मला माहीत आहे. लिहायला लाज वाटते, पण गुरुवारी मॅडम बोलल्या तेव्हा आधी आनंद झाला. रडू नंतर आलं. आधी आनंदच! आहे, अजून थोडासा आहे माझ्यात!

आणि मग डोक्यात आलं की त्या बहिणीलाही मुलगा आहे. माझ्या रक्तात चोवीस वर्षं राहतो तर तिच्या रक्तात तिचा का नाही राहणार? तिचाच मॅरो भावाला गेला. म्हणजे पाचव्या ओळीतली रेघ ड्रायव्हरच्या दुखण्याची नसेलच. भाच्याची असेल!

पण हे सांगू कसं? मॅडमच्या मते लॅब घाण झाली आहे. बहिणीच्या रक्तातही रेघ दाखवली तरी त्या म्हणणार, हीसुद्धा घाण. लॅब स्वच्छ आहे हे पटवायचं तर माझी रेघ खरी आहे हे आधी सांगायला हवं. म्हणजे सगळंच सांगायला हवं.

सोमवार, १० फेब्रुवारी

नाही जमलं. केबिनच्या दारापर्यंत तीनदा गेले. तिसऱ्यांदा मॅडमनी विचारलं तर "हातमोजे संपत आलेत" म्हणून परत आले. शाबास!

हॉस्पिटलचा फोन आला. गुरुवारपर्यंत रिपोर्ट नाही मिळाला तर डॉक्टर वाट बघणार नाहीत, औषधं सुरू करणार. इकडे मॅडमनी बुधवारपासून लॅब पंधरा दिवस बंद ठेवून धुवून काढायचं ठरवलंय. लंबू खिडकीवर बसून नावं लिहून घेतोय. एका भित्र्या बाईपायी तिघांचा जीव टांगणीला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सांगितलं!

सकाळी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, तशीच आत गेले. "मॅडम, माझ्या फॉर्मवर लिहिलंय ते खोटं आहे."

त्यांनी उठून दार लावलं. मी चोवीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "मुलगा होता?"

"मला माहीत नव्हतं. आपल्या चौथ्या ओळीने सांगितलं."

त्यांनी माझा हात धरला. एरवी या बाई गुड मॉर्निंगलासुद्धा मान वर करत नाहीत! मग मी बहिणीचं सांगितलं आणि त्या ताडकन उठल्या. "मॅरो देण्याआधीचा तिचा नमुना आपल्याकडे आहे! फ्रीझरमध्ये!" दोघी धावलो. खालच्या कप्प्यात बर्फाच्या थराखाली सापडला. रिसेप्शनवरच्या पोरीचंही रक्त घेतलं, लॅब स्वच्छ आहे की नाही ते कळायला. लंबूला आत बोलावलं. "आंघोळ करून येऊ का?" म्हणाला. आला एकदाचा ताळ्यावर.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पोरीची ओळ कोरी. काचेसारखी!

बहिणीच्या ओळीत रेघ. माझ्यासारखीच फिकट.

मॅडमनी दुसरी तपासणीही लावलीय. भावाबहिणीत जिथे जिथे फरक आहे अशा खुणा घेऊन भावाच्या जुन्या पेशी शोधायच्या. तिचा निकाल उद्या. लॅब धुवायचं रद्द.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भावाची जुनी खूण एकही नाही. एकही नाही! मॅडमनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. औषधं नकोत, दुखणं परत आलेलं नाही.

बहीण रिपोर्ट न्यायला आली. मॅडमनी तिला शांतपणे सगळं समजावलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पोराच्या पेशी त्याच्या मामाच्या अंगात?"

"अगदी थोड्या."

"तरीच मेला हल्ली सारखी बिस्किटं मागतो!" हसायला लागली आणि हसता हसता माझ्या गळ्यात पडून हमसून रडायला लागली. टाचणीचं टोक माझ्या खांद्याला लागलं, पण मी हलले नाही.

संध्याकाळी लंबू घुटमळत आला. मॅडमनी माझी परवानगी घेऊनच त्याला सांगितलं होतं. "ताई, त्या दिवशी मी उगीच बोललो. पुरुषी अंश वगैरे."

"खरंच बोललास की रे," मी म्हटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

एक माणूस राहिला होता. ज्याला सगळ्यात आधी सांगायचं, तोच.

सकाळी चहा समोर ठेवला आणि म्हटलं, "मुलगा होता."

हे पेपर वाचत होते. कुठला, कोणाचा, काही विचारलं नाही. म्हणजे लगेच कळलं. "कोण म्हणालं?"

"माझं रक्त." मग रेघेचं सांगितलं. पेशी कशा राहतात, किती वर्षं राहतात, सगळं. पेपर वर धरलेलाच. बोलून झालं तरी खाली आला नाही. थोड्या वेळाने उठले, किल्ल्या घेतल्या, दुकानात गेले. चहा तसाच.

झालं! चोवीस वर्षांपूर्वीसारखंच. वाटलं होतं, आता तरी. कप उचलून मोरीत ओतला. इतका राग आला की नंतर बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत होते.

रविवार, १६ फेब्रुवारी

घरात दोघं. मी लवकर जेवून घेतलं, यांचं ताट झाकून ठेवलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

भर दुपारी हे दुकान बंद करून लॅबच्या दारात उभे. इतक्या वर्षांत कधी ही पायरी चढले नव्हते. "दाखव," म्हणाले.

मी जेलचा फोटो समोर ठेवला, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कान तुझ्यासारखे होते."